इल्वाला फक्त एकदा विचारायचं होतं

‘‘शाम्पू, शाम्पू काय लावलंयस मघापासून? बाटली आहे. असते घरात!’’

‘‘एवढीशी?’’

‘‘हो, एवढीशी.’’

‘‘अंगठ्याएवढी? यॉन्ना, तुझे केस कमरेपर्यंत आहेत. ही बाटली तुझ्या एका बटेला पुरायची नाही.’’

‘‘नमुना म्हणून मिळाली असेल कुठेतरी.’’

‘‘आणि ही टूथपेस्ट? तीही नमुना? आणि दोघी आपल्या पायांनी चालत या पारदर्शक पिशवीत येऊन बसल्या, वरून चेन लावून घेतली? आगगाडीनं जाणारा माणूस लिटरभर शाम्पू नेतो गं. गाडीत कोण बघतंय? असल्या चिमुकल्या बाटल्या कुठे लागतात, ते मला तू सांगणार की मी सांगू?’’

इल्वा न्हाणीघराच्या दारात उभी होती. एका हातात ती पिशवी, दुसऱ्या हाताच्या बोटांना बनमधलं क्रीम तसंच. हात धुवायला म्हणून गेली, साबण संपला होता, नवा घ्यायला कपाट उघडलं. एवढंच झालं होतं. यॉन्ना टेबलापाशी बसलेली, समोर फोन, फोनवर एका निळ्याशार समुद्राचं चित्र. तिच्या शेजारी तिचा नवरा पॉन्टुस. त्याच्या तोंडात अर्धा बन होता आणि तो गिळावा की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

मी इल्वाच्या वरच्या मजल्यावर राहते. या तिघांची दोस्ती शाळेपासूनची. मी मागाहून चिकटलेली. दर फेब्रुवारीत, क्रीम भरलेले बन इथे स्वीडनमध्ये, आमच्या गोथेनबर्गच्या दुकानांत आले की एका रविवारी दुपारी आम्ही यॉन्नाच्या घरी जमतो आणि उन्हाळ्यात कुठे जायचं ते ठरवतो. ठरवतो म्हणजे काय, चौघं आपापल्या फोनमध्ये वर्षभर साठवलेली चित्रं काढतो. एखादा कडा, एखादं निळं दार, कुणीतरी तळ्यात पाय सोडून पाठमोरं बसलेलं. अट एकच, की ‘तिथे अजून कोणी जात नाही’. ते चित्र लाखभर लोकांनी आधीच पाहिलेलं असतं, पण ती गोष्ट कोणी काढत नाही.

मग एकजण फोन पुढे करतो. बाकीचे बघतात, मान हलवतात आणि म्हणतात, ‘‘तेही छान होईल.’’

हे वाक्य इथल्या माणसांना दुधाबरोबर पाजतात. याचा अर्थ ‘हो’ असू शकतो, ‘बघू’ असू शकतो, ‘माझ्या मढ्यावरून जा’ असाही असू शकतो. तोंडावर नाही म्हणणं म्हणजे जेवणाच्या टेबलावर पाय ठेवणं. म्हणून कोणी नाही म्हणत नाही. सगळे वाट बघत बसतात की दुसरा कोणीतरी म्हणेल. दुसराही तेच करत असतो. दोन वर्षांमागे आम्ही याच रीतीनं बेल्जियमच्या एका किनाऱ्यावर पोचलो. इल्वाला डोंगर हवे होते, यॉन्नाला ऊन, मला जंगल, पॉन्टुसला घरी राहायचं होतं. आठवडाभर चौघं रेनकोट घालून, दातांत वाळू कचकचत, त्या रिकाम्या किनाऱ्यावर चाललो. चित्रात तो किनारा रिकामा का होता हे तिथे गेल्यावर कळलं. शेवटच्या दिवशी कोणीतरी विचारलं की हे गाव सुचवलं कोणी होतं. एकालाही आठवेना.

आणि जायचं कसं, तर आगगाडीनंच. कारण ती शपथ.

इल्वाबद्दल सांगायचं तर ती शपथ सोडून सांगताच येत नाही. पण आधी ती अशी नव्हती. ती बुरोसची, म्हणजे जिथे पाऊस थांबला तर लोक आभाळाकडे संशयानं बघतात त्या गावची. बाप गोदामात माल चढवायचा. आईवडील दर वर्षी स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या एकाच हॉटेलात, एकाच मजल्यावर उतरायचे. तिथला वेटर आईला नावानं हाक मारायचा, याचा आईला कोण अभिमान. इल्वाला त्याची लाज वाटायची. विशीत पोचल्यावर तिनं सूडच उगवला. बँकॉक, हवाना, शनिवार-रविवारसाठी न्यू यॉर्क. तिच्या पलंगाच्या वर जगाचा एक नकाशा होता, सोनेरी वर्ख लावलेला. जाऊन आलेला देश नाण्यानं खरवडायचा, खालून रंग निघतो. ती विमानतळावरून घरी आली की बॅग उघडायच्या आधी नाणं शोधायची. धाकटी बहीण दीसा म्हणायची, ‘‘ताई, तू देश बघायला जातेस की खाज भागवायला?’’

पुढे तीच दीसा पाठीवर पिशवी टाकून न्यूझीलंडला गेली आणि परत आली नाही. मेंढ्यांच्या डॉक्टराच्या प्रेमात पडली.

इल्वा मात्र इथेच बालवाडीत शिकवायला लागली. चिखलानं भरलेल्या पँटी वाळवणं, मोज्यांच्या जोड्या लावणं, ‘वाटून खा’, ‘कबूल केलंस ना? मग पाळायचं’ असं दिवसभर सांगणं. पाळायचं म्हणजे पाळायचं, हे तिनं मुलांना इतक्यांदा सांगितलं की ते तिच्यातच मुरलं.

आणि मग सात वर्षांपूर्वी, उन्हाळी सणाच्या दिवशी, यॉन्नाच्या तळ्याकाठच्या लाकडी घरी या तिघांनी पाण्यात हात बुडवून शपथ घेतली की आता विमान नाही. जमिनीवरूनच फिरायचं. तेव्हा वाराच तसा होता. विमानांच्या धुरानं पृथ्वी तापते म्हणून आमच्या वयाची माणसं उडायला लाजायला लागली होती. पाण्यातल्या तीन हातांचं चित्र यॉन्नानं जगाला दाखवलं आणि जगानं बदाबदा बदाम पाठवले. इल्वानं घरी येऊन नकाशा उतरवला आणि कपाटामागे सरकवला, तोंड भिंतीकडे करून.

तीन वर्षांनी दीसाचं लग्न ठरलं. आईवडील गेले. आई विमानतळावरूनसुद्धा फोन करत होती, ‘‘अगं, तुझ्या एका खुर्चीनं विमान हलकं होणार आहे का?’’ इल्वा गेली नाही. बहिणीचं लग्न तिनं स्वयंपाकघरात, फोन दुधाच्या खोक्याला टेकवून बघितलं. मी शेजारी होते. नवरा-नवरी कुरणातून चालत आले आणि नेमकं शपथ घ्यायच्या वेळी चित्र गोठलं. इल्वानं कपडे घातले आणि बालवाडीत गेली, कारण इथे सोमवारची सकाळ होती. दीसा महिनाभर बोलली नाही. मग मुलगी झाली, नाव मारेन. ती या महिन्याअखेर तीन वर्षांची होईल. ती आपल्या मावशीला ‘फोनमावशी’ म्हणते. गेल्या महिन्यात तिनं फोन उलटा करून मागे बघितलं, मावशीचे पाय कुठे आहेत म्हणून. दीसा हसली. इल्वाही हसली, आणि फोन ठेवल्यावर वर माझ्याकडे येऊन बसली. चहा थंड झाला तरी प्यायली नाही.

म्हणून या रविवारी इल्वाला डोंगरही नको होते आणि समुद्रही नको होता. तिला फक्त विचारायचं होतं. ट्रामभर ती ते वाक्य माझ्यावर घासत होती.

‘‘ऐक. ‘मला एक विचारायचंय. मी फक्त एकदा, फक्त मारेनला बघायला...’ नको. ‘फक्त’ दोनदा आलं. भिकाऱ्यासारखं वाटतं.’’

‘‘मग एक काढ.’’

‘‘कुठला काढू?’’

‘‘इल्वा, अडतिशीला आलेली बाई आहेस तू. परवानगी कसली मागतेस?’’

‘‘परवानगी नाही गं. तिघांनी मारलेली गाठ आहे. एकटीनं कशी सोडायची? यॉन्नाचं मन बघ ना. ती तर कोपनहेगनचं नाव काढलं तरी... म्हणजे तिथला विमानतळ आठवतो म्हणून. ती नाही म्हणाली तर?’’

‘‘नाही म्हणणार नाही. ‘तेही छान होईल’ म्हणेल.’’

‘‘तेच तर!’’ इल्वा म्हणाली. ‘‘मग मला कळणार कसं?’’

तिच्या मांडीवर एक धुतलेली बरणी होती, कागदात गुंडाळलेली. ऑक्टोबरच्या सुट्टीत यॉन्ना आणि पॉन्टुस आठवडाभर तळ्याकाठच्या घरी गेले होते. फोन बंद, चित्र नाही, काही नाही. इल्वा त्या आठवड्यात रोज कामावरून ट्राम बदलून त्यांच्याकडे यायची, बोक्याला जेवण घालायची, झाडांना पाणी द्यायची. परत आल्यावर यॉन्नानं ‘आमच्याच रानातल्या बेरींचा’ म्हणून जॅम दिला. इल्वानं तो पुरवून पुरवून खाल्ला आणि रिकामी बरणी घासूनपुसून परत आणली. रिकामी बरणी ठेवून घ्यायची नाही, हे बुरोसचं वळण.

तर आम्ही पोचलो, बूट दारात काढले, कॉफी झाली, बन आले. पॉन्टुसनं फेरो बेटांचं चित्र दाखवलं. ‘‘तेही छान होईल.’’ यॉन्नानं अल्बेनियाचं दाखवलं. ‘‘तेही छान होईल.’’ इल्वानं घसा खाकरला. मी टेबलाखालून तिला पाय लावला. ती म्हणाली, ‘‘मला एक विचारायचंय,’’ आणि तेवढ्यात तिच्या बनमधलं क्रीम तिच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. ‘‘थांबा हं, आलेच हात धुऊन.’’

आणि ती पिशवी घेऊन बाहेर आली.

‘‘सांगू मी?’’ इल्वानं पुन्हा विचारलं. ‘‘का पिशवीतली तिसरी वस्तू काढू?’’

तिनं काढली. उन्हात लावायच्या क्रीमची ट्यूब होती, अर्धी पिळलेली. वर दुकानाचा चिकटवलेला कागद, बेटाच्या नावासकट. तेनेरीफ. पार आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, तिथे आगगाडी जात नाही.

‘‘ऑक्टोबर,’’ इल्वा म्हणाली. ‘‘बरोबर? तळ्याकाठी होतात तुम्ही. पाऊस पडत होता. तू लालबुंद होऊन परत आलीस, मी विचारलं, तर तू म्हणालीस सौनाच्या वाफेत जास्त बसले. आणि मी काय म्हणाले आठवतंय? म्हणाले, बाई, जपून, रक्तदाब वाढतो!’’

पॉन्टुसनं बन गिळला.

‘‘एकदाच गेलो,’’ यॉन्ना म्हणाली. ‘‘हिवाळ्याचा अंधार सुरू झाला होता गं. तो नोव्हेंबर येतोय म्हटलं तरी मला सहन होत नाही. तुला माहितीये.’’

‘‘एकदाच?’’

‘‘एकदाच.’’

‘‘त्याच्या आदल्या वर्षीसुद्धा,’’ पॉन्टुस म्हणाला.

‘‘पॉन्टुस!’’

‘‘आता सांगून टाक ना. मला जमत नाही हे. शाळेत शिकवताना मुलांसमोर तोंडात येतं नि गिळावं लागतं.’’

‘‘फोन बंद होता तुमचा,’’ इल्वा म्हणाली. ‘‘आठवडाभर एक चित्र नाही. मला इतका आदर वाटला तुमचा! मी बालवाडीत सगळ्यांना सांगितलं, माझी मैत्रीण बघा, फोनशिवाय राहते. तू सकाळी काय खाल्लंस ते जगाला दाखवतेस यॉन्ना. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आणि मी बोक्याची घाण काढत होते! विमानात बसलात तुम्ही आणि मी इथे त्याचं... आणि जॅम?’’

यॉन्नानं कॉफीच्या किटलीचं झाकण नीट बसवलं.

‘‘जॅम, यॉन्ना?’’

‘‘दुकानातला,’’ पॉन्टुस म्हणाला. ‘‘गरम पाण्यात भिजवून लेबल मी काढलं.’’

मला हसू आलं, खरंच आलं, पण इल्वाचा चेहरा बघून ते घशातच राहिलं. तिनं पिशवी टेबलावर ठेवली, बनांच्या मधोमध.

‘‘मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘कसं सांगणार?’’ यॉन्नाचा आवाज चढला. ‘‘तुला? तू बहिणीच्या लग्नाला गेली नाहीस! तुझ्यासमोर माणसानं तोंड कसं उघडायचं? तू येतेस ती तोंडावर शपथ लिहिल्यासारखी. दोन दिवस गाड्या बदलत, हॅम्बुर्गच्या फलाटावर जमिनीवर बसून सुकी पोळी खातेस आणि हसतेस! मला ते हसू बघून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.’’

‘‘मी हसत होते कारण तू थकलेली दिसायचीस. तुला बरं वाटावं म्हणून.’’

‘‘मला बरं वाटावं म्हणून?’’

‘‘शपथ तुझी होती ना! तुझ्यासाठीच तर सगळं.’’

‘‘माझी?’’ यॉन्ना उभी राहिली. ‘‘माझी कशी? तूच म्हणालीस त्या दिवशी की आपण सोडायला हवं.’’

‘‘मी म्हणाले लोक सोडताहेत. पेपरात आलं होतं ते सांगत होते. मग तू म्हणालीस, आपणही घेऊया का शपथ.’’

‘‘मी विचारलं होतं! विचारलं! आणि तू म्हणालीस...’’ यॉन्ना थांबली.

‘‘काय म्हणाले?’’

‘‘तेही छान होईल.’’

बाहेर रस्त्यावरून बर्फाचा राडा उडवत ट्राम गेली. इल्वानं पॉन्टुसकडे बघितलं.

‘‘मला वाटलं तुम्हा दोघींना हवंय,’’ पॉन्टुस म्हणाला. ‘‘पाणी थंड होतं. मला लवकर हात बाहेर काढायचा होता.’’

‘‘मला वाटलं तू नाही म्हणशील,’’ यॉन्ना इल्वाला म्हणाली. ‘‘तुझा तो नकाशा, तुझं ते नाणं. मला वाटलं ही हसेल, म्हणेल, वेडी आहेस का. मी वाट बघत होते. आणि तू सरळ हात बुडवलास.’’

‘‘तू चित्र काढलंस त्याचं.’’

‘‘हात बुडवल्यावर काढणारच ना!’’

‘‘म्हणजे कोणालाच,’’ इल्वा सावकाश म्हणाली, ‘‘कोणालाच नको होतं.’’

‘‘तसं नाही गं. चांगलीच गोष्ट होती ती. अजूनही आहे.’’

‘‘चांगली होती हे मला ठाऊक आहे. मी पाळली.’’ तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. बालवाडीत दोन मुलं भांडताना ती याच आवाजात बोलते. ‘‘कुरणातून चालत आली ती. पांढरे बूट होते पायात. तेवढंच दिसलं मला. मग चित्र गोठलं. आणि मी म्हटलं, असू दे, आपण तिघं एका गोष्टीला धरून आहोत. माझ्यासाठी ती दोघंही धरून आहेत. आई फोनवर रडली तेव्हा मी तिला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, आई, यॉन्नाला किती वाईट वाटेल.’’

यॉन्ना खाली बसली. तिनं फोन पालथा घातला. इतका वेळ तो निळा समुद्र तिथे चमकत होता.

‘‘आज तू काहीतरी विचारणार होतीस,’’ पॉन्टुस म्हणाला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, आणि त्यानं नेमकं तेच धरलं. ‘‘हात धुवायच्या आधी. काय होतं?’’

इल्वानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही. कशी हलवायची तेच कळेना. ट्रामभर घासलेलं ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. पण आता ते कोणाला विचारायचं? गाठ सोडायला म्हणून दोरी हातात घ्यावी आणि दुसऱ्या टोकाला कोणी नसावंच, तशी ती उभी होती.

‘‘काही नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मारेनचा वाढदिवस आहे महिनाअखेरीला.’’

यॉन्नाला कळलं. तिच्या चेहऱ्यावर ते उतरताना मी बघितलं. आधी गाल, मग डोळे. आणि मग, का कोण जाणे, तिला राग आला. लाज वाटली की काही माणसांना रागच येतो.

‘‘मग जा ना!’’ ती म्हणाली. ‘‘जा! कोण अडवतंय तुला? मी कधी तुला म्हटलं होतं का जाऊ नकोस म्हणून? एकदा तरी? माझ्या डोक्यावर का ठेवतेस ते लग्न?’’

इल्वा दारापाशी गेली. तिचे बूट उंच, फीतवाले. ती चटईवर बसली आणि एका बुटात पाय घातला. त्या बुटांना वेळ लागतो, भोकं खूप. आम्ही तिघं तिच्या पाठीकडे बघत बसलो. पॉन्टुसनं बशीतले साखरेचे कण बोटानं टिपायला सुरुवात केली. यॉन्नानं त्याचा हात धरला.

‘‘इल्वा.’’ आता यॉन्नाचा आवाज अगदी लहान झाला होता. ‘‘मी येते तुझ्याबरोबर हवं तर. विमानतळापर्यंत. किंवा तिथपर्यंतही. मला मारेनला बघायचंय.’’

इल्वानं दुसऱ्या बुटाची फीत ओढली. ती तुटली. तिनं तुटलेला तुकडा खिशात टाकला आणि उरलेल्या फितीत गाठ मारायला लागली.

‘‘बोल ना काहीतरी. शिव्या दे. नाही म्हण मला! एकदा तरी तोंडावर नाही म्हण!’’

इल्वा उठली. कोट घातला. दारात ठेवलेल्या आपल्या पिशवीतून कागदात गुंडाळलेली बरणी काढली, बुटांच्या फळीवर ठेवली, कागद नीट सोडवून घेतला, घडी करून खिशात घातला.

‘‘इल्वा, जाणार आहेस का तू? त्यांच्याकडे? एवढं तरी सांग. जाणार आहेस?’’

तिनं दार उघडलं आणि गेली. एक बूट नीट बांधलेला नव्हता. जिन्यातून खालपर्यंत तो वेगळा वाजत होता.